थरथरता काटा : तेलाच्या दाबमापकाचा इतिहास आणि त्याची साक्ष

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि वंशावळी उभ्या राहतात. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे, ती तळहाताएवढीही नाही. मोटारीच्या डॅशबोर्डावर एक लहान तबकडी असते आणि तिच्यात एक काटा असतो. इंजिनात फिरणाऱ्या तेलाला किती दाब आहे, हे तो सांगतो. गाडी नवी असेतोवर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गाडी जुनी झाली की तो बोलू लागतो. चढावर खाली येतो, सपाटीला वर जातो. कधी चाक खड्ड्यात आदळले की शून्यावर पडतो आणि पुन्हा उठतो. मग चालक म्हणतो, ‘काटा पडतोय.’ मालक म्हणतो, ‘काटाच खराब आहे, तू चालव.’ दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतात. परंतु कोणाचे खरे, हे ठरवण्याची एक रीत आहे. आणि ती रीत त्या काट्याच्या इतिहासातच दडलेली आहे, असे मला दाखवून द्यावयाचे आहे.

हा विषय मी जव्हार-मोखाड्याच्या मुलुखाला धरून मांडतो, त्याला कारण आहे. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे. मुकण्यांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, ठाणे जिल्ह्याचा भाग बनले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. एवढी स्थित्यंतरे झाली, पण आगगाडी काही या डोंगरावर चढली नाही. एस.टी. डांबरी रस्त्याने येते व जाते. तिथून आत, पाड्यापाड्यांवर जायचे, तर जीप नाहीतर जुनी पिकअप. भात-नागलीची पोती बाजाराला नेणारी तीच, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांच्या कामाला निघालेली बिऱ्हाडे भिवंडी-वसईकडे उतरवणारी तीच, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला जव्हारच्या रुग्णालयात पोचवणारीही पुष्कळदा तीच. अशा गाडीचे इंजिन भर घाटात जाम झाले, तर जे मोडते ते केवळ लोखंड नसते. म्हणून या लहानशा काट्याचा प्रश्न इथे मोठा होतो.

प्रथम तेलाचे काम काय ते पाहू. इंजिनाच्या पोटात क्रँक नावाचा दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. तो ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांच्यात व त्याच्यात केसाहून बारीक फट असते. त्या फटीत तेलाचा पातळ पडदा असतो. तो आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तो फाटला की घर्षणाने धातू तापतो, बेअरिंगचा मऊ थर वितळतो, आणि थोड्याच वेळात इंजिन धरून बसते. हे सारे लोखंडी पेटीच्या आत, अंधारात घडते. डोळ्यांना तेथवर जाता येत नाही. म्हणून मनुष्याने डोळ्यांच्या जागी काटा बसवला. तो कसा बसवला, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

ही गोष्ट तेलापासून सुरू होत नाही, वाफेपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेचा दाब मोजायला काचेच्या नळीतला पारा वापरीत. कमी दाबाच्या यंत्रांना ते जमले. परंतु चौरस इंचाला १०० पौंड दाब मोजायचा, तर पाऱ्याची नळी सुमारे १७ फूट उंच लागते. ती धावत्या आगगाडीवर उभी करणार कशी? तेव्हा बॉयलरवर काम करणारा मनुष्य बऱ्याच अंशी अंदाजाने जगत होता. आणि अंदाज चुकला की बॉयलर फुटे व माणसे मरत.

१८४९ साली पॅरिसच्या यूजीन बूर्दों या यंत्रकाराने यावर तोड काढली. कारखान्यात वेटोळ्यासारखी वळवलेली एक नळी घडवताना दबून चपटी झाली होती. ती पूर्ववत गोल व्हावी म्हणून तिच्यात पाण्याचा दाब भरला, तेव्हा नळी गोल होता होता आपली वेटोळी सोडू लागली. दुसऱ्या कोणी नळी फेकून दिली असती. बूर्दोंने त्या उलगडण्यात मोजमाप पाहिले. चपटी, वाकवलेली नळी घ्यायची. एक तोंड दाबाकडे जोडायचे, दुसरे बंद करून मोकळे ठेवायचे. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते, मोकळे टोक किंचित सरकते, आणि एक दातेरी पट्टी ती हालचाल मोठी करून काट्याला देते. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या उपकरणाचा मोठा गौरव झाला. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, त्याच्या अवघ्या चार वर्षे आधी हे साधन जन्मले होते. आज पंक्चरच्या दुकानात हवा मोजणारी जी गोल तबकडी आपण पाहतो, तिच्याही पोटात बहुधा बूर्दोंचीच नळी असते.

या काट्याच्या मागे पुढे कायदा उभा राहिला, हेही लक्षात ठेवावे. बॉयलर फुटणे ही दैवाची गोष्ट नाही, तपासणी केली तर ती टळते, हे समाजाला हळूहळू पटले. आपल्याकडे १९२३ साली बॉयलरांसाठी अखिल भारतीय कायदा झाला. सरकारी तपासनीस येऊन बॉयलर पाहू लागला. गिरणीच्या बॉयलरवरचा काटा केवळ मालकाच्या मर्जीची वस्तू राहिला नाही. मोटारीतल्या तेलाच्या काट्याचे नशीब मात्र तसे नव्हते. तो मालकाचा, चालकाचा आणि मिस्त्रीचा आपसातला मामला राहिला. त्याची फळे आपण पुढे पाहणार आहोत.

आता वाफेकडून तेलाकडे येऊ. पूर्वी यंत्राला तेल देणे हे माणसाचे काम होते. गिरण्यांतून हातात तेलाची बुधली घेऊन साच्यासाच्याला फिरणारा ऑइलर असे. तेल घातले म्हणजे झाले, ते आत गेल्यावर काय करते याचा फारसा कोणी विचार केला नव्हता. तो योग १८८३ साली आला. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा अभियंता यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला त्याने एक भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी भोकातून उसळून वर आले. त्याने बुचाने भोक बंद केले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. तेव्हा त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, पण काटा २०० पौंडांच्याही पुढे, म्हणजे तबकडीच्या शेवटच्या आकड्यापलीकडे गेला! फिरता आस स्वतःच तेलाला पाचरीसारखा ओढून घेतो आणि त्या तेलावर तरंगतो, हे त्या दिवशी कळले. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले.

या प्रयोगातला बोध आपल्या प्रश्नाला फार महत्त्वाचा आहे. बेअरिंगमध्ये दांड्याला तोलून धरणारा दाब पंप निर्माण करीत नाही. तो दांड्याच्या फिरण्यातून निर्माण होतो. पंपाचे काम त्या फटीत तेल सतत हजर ठेवणे. डॅशबोर्डावरचा काटा पंपाचा दाब दाखवतो. म्हणजे तो फक्त एवढेच सांगतो की ‘तेल दारापर्यंत पोचते आहे.’ घरात काय चालले आहे, ते त्याच्यावरून ओळखायचे असते.

पंपाने दाब देऊन तेल खेळवण्याची पद्धत १८९०च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम या कारखान्यातल्या आल्बर्ट पेनने वाफेच्या वेगवान यंत्रांसाठी रूढ केली. मोटारगाड्यांत ती सावकाश आली. आरंभीच्या कित्येक मोटारींत डॅशबोर्डावर काचेच्या छोट्या नळ्या असत व त्यांतून तेलाचे थेंब पडताना दिसत. चालक थेंब मोजी. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडीत तर पंपही नव्हता व काटाही नव्हता. फिरती चाके तेल उडवीत आणि ते उडालेले तेल सगळीकडे पोची. तेल किती उरले हे पाहायला गाडीखाली शिरून दोन लहान तोट्या उघडून बघाव्या लागत. वेग वाढले, बेअरिंगांवरचे भार वाढले, तेव्हा पंप अटळ झाला; आणि पंप आला म्हणजे तो काम करतो की नाही हे सांगणारा काटाही अटळ झाला. विमानांत तर त्याच्यावर वैमानिकाचा जीव अवलंबून असे. जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. त्या काळच्या वैमानिकांना उड्डाणापूर्वी तेलाचा दाब पाहण्याचा धडाच दिलेला असे.

आपल्या रानावनात हा काटा आला तो प्रामुख्याने जीपबरोबर. महायुद्धात अमेरिकेच्या विलीस कंपनीने जी लष्करी जीप बनवली, तिच्या डॅशबोर्डावर तेलाच्या दाबाची तबकडी होती आणि तिच्यात बूर्दोंची नळी होती. इंजिनापासून एक बारीक नळी निघे आणि थेट त्या तबकडीला मिळे. तेलाचा दाब स्वतः चालून चालकापुढे येई. मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने चाललेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विलीस जीपची जुळणी आरंभली. जंगलखात्यापासून ठेकेदारापर्यंत आणि निवडणुकीच्या प्रचारापासून लसीकरणापर्यंत सर्व कामांना ती जीप आली. आज डोंगरात पोती आणि माणसे वाहणाऱ्या कित्येक जुन्या पिकअप याच जीपच्या वंशातल्या आहेत.

मग एक बदल झाला. तेलाची नळी थेट चालकाच्या पुढ्यात आणणे कारखानदारांना अडचणीचे वाटू लागले. नळी फुटली तर गरम तेल पायांवर सांडते, जोडायलाही वेळ लागतो. म्हणून नळीच्या जागी तार आली. इंजिनावर एक लहान सेन्सर बसवला. त्याच्या आत एक पातळ पडदा व विजेला अडथळा करणारी एक पट्टी. तेलाचा दाब पडद्याला ढकलतो, पडद्याला जोडलेली जीभ पट्टीवरून सरकते, तारेतली वीज कमीजास्त होते, आणि काटा हलतो. पुढे काही गाड्यांत काटाही गेला व नुसता लाल दिवा राहिला. तो फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे दोनच शब्द जाणतो, आणि तेसुद्धा दाब अगदी खाली गेल्यावर.

श्रोतेहो, या इतिहासाची दिशा पाहा. प्रथम तेलाचा थेंब डोळ्यांसमोर होता. नंतर थेंब गेला, पण तेलाचा दाब नळीतून समोर येत होता. मग दाबही इंजिनापाशीच थांबला आणि त्याचा निरोप तारेवरून येऊ लागला. म्हणजे साक्षीदार घटनेपासून एकेक पाऊल दूर गेला. नळीच्या काळात काटा पडला तर संशय तेलावर, फार तर नळीवर. तारेच्या काळात काटा पडला तर संशय तेलावर, सेन्सरवर, तारेवर, अर्थिंगवर आणि खुद्द तबकडीवरही. ‘काटाच खराब आहे’ हे वाक्य मालकाला सुचते ते याच कारणाने. आणि पुष्कळदा ते खरेही असते. निदान करायचे म्हणजे काय? तर ज्या वाटेने साक्षीदार दूर गेला, त्याच वाटेने एकेक पाऊल मागे, तेलापर्यंत चालत जायचे.

पहिले पाऊल अगदी गरिबाचे आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे आणि तेलाची पट्टी ओढून पाहावी. तेल कमी असेल तर भरावे आणि ते गेले कोठे याचा शोध घ्यावा. तेल दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. फार पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल, तर त्यात इंधन मिसळले आहे. असे तेल दाब धरीत नाही. या एका पट्टीने जेवढी इंजिने वाचतात तेवढी मोठमोठ्या अवजारांनीही वाचत नाहीत.

दुसरे पाऊल काट्याची चाल ओळखण्याचे. तेलाला वजन आहे, पडद्याला ताण आहे. त्यामुळे खऱ्या दाबाची चढउतार साधारणपणे इंजिनाच्या वेगाबरोबर होते. काटा जर खड्ड्यात आदळताच टोकापासून शून्यावर उडी घेत असेल आणि त्याच क्षणी परत येत असेल, तर बहुधा तार सैल आहे. तेलाच्या काट्याबरोबर डिझेलचा व पाण्याचा काटाही थरथरत असेल, तर तिघांना वीज पुरवणारी जागा किंवा अर्थिंग तपासावे. तेल, डिझेल आणि पाणी ही तिन्ही एकाच क्षणी बिघडायची नाहीत. याउलट काटा थंड इंजिनात चांगला राहतो आणि तापल्यावर आयडलला खाली खाली जातो, वेग दिला की वर येतो, तर ही चाल विजेची नव्हे. बेअरिंगांच्या फटी वाढल्या आहेत, पंप झिजला आहे, किंवा तेल पातळ पडते आहे. तेल घटकेत अडते, घटकेत वाहते असे वाटले, तर जादा दाब परत सोडणाऱ्या झडपेत कचरा अडकल्याचा किंवा तिची स्प्रिंग बसल्याचा संशय घ्यावा.

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर आणखी एक चाल दिसते, ती शहरातल्या मिस्त्रीला चटकन ओळखू येत नाही. गाडी तोरंगणच्या घाटासारखा लांब चढ चढते किंवा एका अंगाने कलून वळण घेते, तेव्हाच काटा पडतो. सपाटीला आली की ठीक. इंजिनाच्या तळाशी चेंबरात तेल साठलेले असते व त्यात पंपाची जाळी बुडालेली असते. गाडी कलली की तेल एका बाजूला सरकते. तेल कमी असेल तर जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. गॅरेजच्या सपाट फरशीवर ही गाडी तपासली तर तिच्यात दोष सापडणार नाही आणि चालक खोटा ठरेल! म्हणून काटा कोणत्या ठिकाणी पडला, चढावर की उतारावर, भार किती होता, हे चालकाचे सांगणे मिस्त्रीने नीट ऐकून घेतले पाहिजे. पावसाळ्याचेही तसेच. चार महिने संततधार, चिखल आणि ओल यांनी जोडणीच्या टोकांना गंज चढतो. सेन्सरला अर्थिंग इंजिनाच्या लोखंडातूनच मिळत असेल, तर त्याच्या आट्यांवर कोणी गळती थांबवायला जाड पट्टी गुंडाळली की ती वाट अडते व काटा भ्रमिष्टासारखा वागू लागतो.

तिसरे पाऊल तारेचे. सेन्सरवरची तार काढून काटा कोठे जातो ते पाहावे. मग तीच तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून पाहावे. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नीट, न अडखळता गेला, तर तबकडी व तार यांची वाट मोकळी आहे. येथे एक सावधगिरी हवी. सगळ्या गाड्यांची भाषा एक नाही. अमेरिकी पद्धतीच्या पुष्कळ सेन्सरांचा अडथळा शून्य दाबाला सुमारे २४० ओहम असतो व दाब वाढला की ३३ ओहमपर्यंत उतरतो. युरोपी पद्धतीचा पुष्कळदा १० ओहमपासून निघून १८० ओहमपर्यंत चढतो. म्हणजे एकाच्या लेखी जी पूर्ण तबकडी, ती दुसऱ्याच्या लेखी शून्य! जुन्या जीपांतले पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवण्याची चाल आपल्याकडे फार होती. अशा गाडीत इंजिन एका घराण्याचे, सेन्सर दुसऱ्याचा व तबकडी तिसऱ्याची असते. तिथे काटा खोटे बोलत नाही. तो परक्या भाषेत बोलतो.

चौथे पाऊल निर्णायक आहे, आणि ते आपल्याला पुन्हा बूर्दोंपाशी नेते. सेन्सर काढावा, त्याच्या भोकाला जुळणाऱ्या आट्यांचा जोड लावावा व तेथे नळीचा साधा दाबमापक बसवावा. इंजिन थंड असता एकदा, चांगले तापल्यावर आयडलला एकदा, आणि वेग दिल्यावर एकदा, असे तीन आकडे टिपावेत. गाडीच्या पुस्तकात दिलेले आकडे मिळाले तर तेच प्रमाण मानावेत. ते नसतील, तर मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पौंड, असा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा आहे. नळीचा काटा स्थिर आहे आणि डॅशबोर्डावरचा नाचतो, तर सेन्सर बदला. इंजिन निर्दोष आहे. नळीचा काटाही पडतो, तर मालकाने मुकाट्याने इंजिन उघडावे. आणि वाटेत काटा शून्यावर जाऊन आतून ठोके ऐकू आले, किंवा लाल दिवा लागून राहिला, तर कसलेही निदान करीत बसू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे. साक्षीदार खोटा निघाला तर अर्धा तास वाया जाईल. खरा निघाला तर अख्खे इंजिन वाचेल.

या ठिकाणी कोणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम, यात इतिहास कुठला आणि समाजाचा संबंध काय? माझ्या कामात वाहतुकीच्या कामगारांचे तंटे येतात, त्यांतली एक कथा वारंवार तीच असते. चालकाने आठवडाभर सांगितलेले असते की काटा पडतो आहे. त्याला सांगण्यात येते की काटाच खराब आहे. मग एके दिवशी घाटात इंजिन जाम होते. आणि ज्याने सांगितले होते त्याच्याच पगारातून खर्च कापला जातो. कारण? ‘काटा पडला होता, तर तू गाडी थांबवली का नाहीस?’ आदल्या दिवशीपर्यंत जो काटा खोटा होता, तो इंजिन बसताच खरा ठरतो, आणि चालकाविरुद्ध साक्ष देतो!

कायदा याबाबत आंधळा नव्हता. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने असा दंडक घातला होता की ताब्यात दिलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल पगार कापायचा, तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेनेही ते तत्त्व राखले. परंतु तोंडी सांगितलेले सिद्ध कसे करणार? तालुक्याच्या गावी दोन गाड्यांचा मालक आणि एक चालक, दोघांत कागद कुठला? म्हणून चालकांना माझे सांगणे असे : गाडीत एक चार आण्यांच्या वहीची सवय ठेवा, आज ती दहा-वीस रुपयांना मिळते एवढाच फरक. तारीख, ठिकाण, चढ की उतार, इंजिन थंड की गरम, काटा कोठे होता, आणि मालकाला केव्हा सांगितले, एवढे लिहा. ती वही मिस्त्रीला निदानाला उपयोगी पडेल आणि तुम्हाला न्यायाला. मालकांनाही मी सांगतो की ही वही तुमच्या विरुद्ध नाही. एका सेन्सरच्या आणि तपासणीच्या किमतीत ती तुमचे इंजिन वाचवील.

आता या मुलुखातल्या एका नावाचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. जव्हार तालुक्यातले वावर हे गाव, आणि शेजारचे वांगणी. १९९२-९३ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. भूक आणि आजार यांनी लेकरे गेली, आणि पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचे अंतर किती प्राणघातक असते, हे शहरांतल्या लोकांना तेव्हा कळले. मोटारीच्या काट्याचा या दुःखाशी काय संबंध, असे विचाराल, तर दोन संबंध आहेत. एक सरळ आहे : त्या अंतरावर धावणारी गाडी वाटेत बंद पडता कामा नये. दुसरा थोडा खोल आहे. अंगणवाडीतल्या वजनकाट्यावर मूल तोलले जाते, तेव्हाही एक काटा साक्ष देत असतो. वजन कमी भरले तर काटा चुकला असेल, असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. अशा वेळी दुसऱ्या काट्यावर पुन्हा वजन करावे, हे शास्त्र. काटा खराब म्हणून मोकळे होणे, ही हयगय. वाईट बातमी आणणाऱ्या साधनावर शंका घ्यायला हरकत नाही. मात्र जो शंका घेतो, त्याने ती तपासून पाहण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे.

बॉयलरच्या काट्याला १९२३ साली कायद्याचा आधार मिळाला, कारण बॉयलर फुटला तर त्याचा आवाज साऱ्या गावाला ऐकू जाई. घाटात जाम झालेल्या पिकअपचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. तिथे कायदा पोचेल तेव्हा पोचो. तोवर जव्हार, मोखाडा आणि विक्रमगडच्या वाहनचालकांनी व मिस्त्रींनी मिळून एवढे तरी करता येण्यासारखे आहे : प्रत्येक नाक्यावरच्या गॅरेजात नळीचा एक चांगला दाबमापक आणि निरनिराळ्या आट्यांचे चार जोड सामाईक खर्चाने ठेवावेत; पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांची वाहतूक सुरू होण्यापूर्वी एकदा, प्रत्येक जुन्या गाडीचे तीन आकडे टिपून चालकाच्या वहीत लिहून द्यावेत. मिस्त्रीचा अर्धा तास त्याला लागेल. पुढे घाटात काटा पडला, तर तो खरा की खोटा याचा वाद घालावा लागणार नाही. वही उघडायची आणि मागचा आकडा पाहायचा.